पांढऱ्या दगडांच्या आतली सायकलवाट

पारावर जो भेटतो तो हेच विचारतो, "आबा, सोलापुरात म्हणं सायकलींना येगळी वाट काढून दिलीया, खरं का?" खरं आहे. मी त्या वाटेवर बसून आलो, उभा राहून आलो, आणि तिथं माझं हसंही करून आलो. पण दर वेळी पहिल्यापासून सांगायचं तर मला धाप लागते. म्हणून एकदाच लिहून काढतो. शाळा माझी तिसऱ्या बुकापाशी सुटली, तेव्हा लिहिणं बोलण्यासारखंच होणार. चालेल त्यानं वाचावं.

आधी मी गेलो का, ते सांगतो.

माझ्या लेकीची, गोदाची आई जाऊन अजून वर्ष व्हायचं आहे. माढ्याच्या बाजाराहून आम्ही दोघं बैलगाडीनं परत येत होतो. मधली खडीची सडक मोटारींची आणि कडेची मऊ माती बैलगाड्यांची, हे शेंबडं पोर सांगेल. मी मातीतच होतो. मागून मोटार आली, हॉर्न वाजवत अंगाला घासून गेली, बैल बुजले आणि गाडी चारीत उलटली. गोदाची आई खाली सापडली. मोटार थांबली नाही. मी माझ्या बाजूला होतो, हे मी फौजदाराला सांगितलं, पाटलाला सांगितलं, दहाव्याला आलेल्या माणसामाणसाला सांगितलं. सगळे म्हणाले, "खरं हाय." खरं असून काय झालं? चूल मलाच पेटवावी लागते आणि भाकरी अजून गोल होत नाही. त्या दिवसापासून मी गाडी जुंपली नाही. बैल भावकीतल्या एकाला दिले.

अशात आमच्या गावचा एक जण सोलापूरहून आला. म्हणाला, "आबा, तुमची गोदा आता सायकलवर बसून जाती की! मागनं लॉरी, फुडनं लॉरी, मधनं ही सुळकन." त्याला वाटलं, मला कौतुक वाटेल. माझ्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

गोदा माझी एकुलती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिचा नवरा वारला, सासरच्यांनी दारात आणून सोडली. मी म्हटलं, राहील घरात. पण तिच्या आईनं ऐकलं नाही. सोलापूरच्या दवाखान्यात सुईणीचं काम शिकवतात असं तिच्या कानावर आलं होतं. तिनं पोरीला घेतलं, आगगाडीत बसवलं आणि शिकायला ठेवून आली. आता गोदा तिथंच नोकरीला आहे आणि गिरणीवाल्यांच्या चाळींमधून बाळंतपणं करत फिरते.

मी ठरवून निघालो होतो. पोरीला घेऊन यायचं. एक गेली, दुसरी रस्त्यावर घालवायची नाही.

सोलापूर स्टेशन

आमच्या केम स्टेशनापासूनचा प्रवास काही सांगण्यासारखा नाही. बसलो आणि उतरलो. मध्ये कुर्डुवाडीला एका बाईनं माझ्या फडक्यातली भाकरी बघून विचारलं, "बाबा, ही घरच्या बाईनं थापली का तुमी?" मी म्हटलं, "मी." तिनं मुकाट्यानं आपल्यातली अर्धी मला दिली.

गोदा घ्यायला आली होती. पांढरं लुगडं, कासोटा घट्ट मारलेला, आणि हातात सायकल. म्हशीचं दावं धरावं तशी धरून उभी.

"हे काय?"

"सायकल हाय आबा."

"ती दिसती मला. तुझ्या हातात कशी?"

"दवाखान्यानं दिली. चाळी लांब लांब. चालत पोचंस्तवर पोर भायेर येऊन रडत असतं." ती हसली. हसताना तिच्या आईसारखा तिचाही एकच गाल खळगतो. मी दुसरीकडं बघितलं.

"टांगा करू का?"

"चालतो मी."

चालतो म्हटलं खरं, पण ते चालणं नव्हतं. आमच्याकडे रस्ता म्हणजे एकाच दिशेला जाणारी माणसं. इथं टांगे, हातगाड्या, पखाली लादलेले रेडे, लॉऱ्या, शेळ्या, आणि या सगळ्यातून पाण्यात मासे सुटावेत तशा सायकली. प्रत्येक जण दुसऱ्याला म्हणतो, "ए, बाजू!" बाजू कुठं आहे हे कोणी सांगत नाही. मागून हॉर्न वाजला की मी भिंतीला चिकटायचो. गोदा थांबायची, मी सुटा झालो की पुन्हा चालायची. एका पानपट्टीवाल्यानं तिला हाक मारून विचारलं, "बाई, आज घोड्याला हातानं चालवताय?" ती म्हणाली, "घरचं मानूस आलंय, घोडा लाजतोय."

मला ते आवडलं नाही. परक्या माणसाला एवढं उत्तर! पण तो माणूस सायकलला वाट द्यायला आपली खुर्ची मागं ओढून बसला, हेही मी बघितलं.

तिची खोली चाळीत होती. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर तेल. इथली भाकरी पापडासारखी मोडते. चावायला मला दात कमी आणि तिला वेळ कमी. मी पहिल्याच घासाला बोलून टाकलं.

"उद्या पेटी भर. गावाकडं चल."

"कशाला?"

"तुला त्या यंत्राखाली बघायला मी जिता राहणार न्हाय."

ती भाकरीचा तुकडा मोडत राहिली. "आबा, उद्या आदी वाट बघा. मग बोला. आमाला येगळी वाट केलीया. दगडं लावून."

"मी पण माझ्या वाटंनं चाललो हुतो, गोदे."

तिनं हातातला तुकडा ताटात ठेवला. मीही जेवलो नाही.

गिरणीची सडक

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं मला नेऊन दाखवलं. आता ज्यासाठी तुम्ही विचारता ती गोष्ट सांगतो.

चाळींकडून गिरणीच्या फाटकाकडं एक खडीची सडक जाते. तिच्या डाव्या अंगाला माणसाच्या डोक्याएवढे दगड ओळीनं मांडलेले, चुन्यानं पांढरे केलेले. दगडांच्या आतली जमीन मुरूम टाकून चोपलेली, शेणानं सारवल्यासारखी सपाट. तेवढी पट्टी सायकलींची. तिथं मोटार नाही, गाडी नाही. गोदा म्हणाली, मागं एक कामगार सायकलवरून जाताना लॉरीखाली आला, तेव्हा गिरणीच्या साहेबानं हे करवून घेतलं. विलायतेत त्यानं असलं काही बघितलं होतं म्हणे.

मग भोंगा झाला. आणि सायकली आल्या. मला वाटलं होतं पाचपन्नास असतील. अहो, कणगीचं बूच काढल्यावर ज्वारी पडते तशा आल्या. टोप्या, रुमाल, पागोटी, मागं बांधलेले भाकरीचे डबे. सगळ्या दगडांच्या आतून. आणि सडकेवरून लॉऱ्या आपल्या वाटेनं. कोणी कोणाला "बाजू" म्हणत नव्हतं. गोदा दवाखान्याची पेटी मागं बांधून त्यांच्यातून गेली. पाठ ताठ, मान सरळ. मी डोळे मिटले, उघडले, तरी ती दिसत होती, आणि मग वळणावर दिसेनाशी झाली.

खोटं बोलत नाही, माझा जीव थोडा खाली बसला. पहिल्यांदा मनात आलं की असे दगड माढ्याच्या सडकेला असते तर. दगडावर बसून मी तो विचार पुष्कळ वेळ उलटसुलट केला.

पण माझ्यासारख्या माणसाला जीव खाली बसलेला सोसत नाही. दुपारी मी ती वाट शेवटापर्यंत चालून आलो. मध्ये ओढ्यावर एक अरुंद पूल आहे. पुलाच्या अलीकडं दगड संपतात आणि पलीकडं पुन्हा सुरू होतात. पुलावर काहीच नाही. म्हणजे जिथं जागा आहे तिथं वाट, आणि जिथं माणूस चेंगरायचा तिथं ज्यानंत्यानं आपलं बघावं. मी पुलाजवळच्या चहाच्या हॉटेलात बसलेल्या एका माणसाला हे बोललो. तो निघाला लॉरीचा ड्रायव्हर, दस्तगीर नावाचा. दाढी मेंदीनं रंगवलेली, डोळे लाल.

ड्रायव्हर म्हटल्यावर मी उठायलाच लागलो होतो. मोटार हाकणाऱ्या माणसाबरोबर मला चहा प्यायचा नव्हता.

"बैठो चाचा," तो म्हणाला. "पुलावर माजी बी फाटती. तुमाला काय वाटतं, आमाला सायकली दिसत न्हाईत? झोपंत पन सायकलीच दिसत्यात."

"मग सावकाश का येत न्हाईस?"

"पुलावर येतो की सावकाश. तितं दगड न्हाईत, म्हनून डर हाय." त्यानं बशीतला चहा फुंकला. "दगडं हाईत तितं मी जोरात जातो. सायकलवाला आत हाय, मी भायेर हाय, मग भ्यायचं कायकू?"

हे ऐकून माझा चहा कडू झाला. मी त्याला आमच्याकडची रीत सांगितली. चाकोरीत दोन गाड्या समोरासमोर आल्या तर रिकामी गाडी खाली उतरते आणि भरलेलीला वाट देते. मालक कोण, बैल कोणाचे, हे कोणी बघत नाही. कोण उलटेल ते बघतात.

"अच्छी रीत हाय," दस्तगीर म्हणाला. "हितं उलटं. जो उलटनार न्हाय, वाट त्याची."

मग त्यानं विचारलं मी कुठला, कशासाठी आलो. मी गोदाच्या आईचं सांगितलं. कसं कोण जाणे, ड्रायव्हरलाच सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत राहिला. थांबला नाही तो ड्रायव्हर कोण होता, हे त्यानं विचारलं नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "तौबा." आणि माझ्या चहाचं त्यानंच दिलं. मी नको म्हटलं नाही.

ताणा

तिसऱ्या दिवशी मी अंधार फिटता फिटता सडकेवर जाऊन उभा राहिलो. गोदा म्हणाली होती, "आबा, तुमी नुसतं हुबं राहून काय करणार?" मी म्हटलं, "बघणार."

आणि बघतो तर दगडांच्या आत सूत!

या भागात तेलुगू बोलणारी विणकर मंडळी पुष्कळ. मागावर चढवायच्या आधी सुताचा लांबच्या लांब ताणा ते रस्त्यात काठ्यांवर ताणून धरतात, त्याला खळ लावतात आणि मोठ्या कुंच्यांनी दोन्ही अंगांनी घासत जातात. याला पाजणी म्हणतात. सकाळच्या गारव्यातच करावी लागते, ऊन चढलं की खळ तडकते. त्यासाठी जागा लागते सरळ, सपाट, धूळ कमी आणि गाडीघोडं नसलेली. बोळात कुठली मिळायची? साहेबानं ती त्यांच्या दारातच करून दिली होती, मुरूम चोपून, दगड लावून. त्यांनी बिचाऱ्यांनी वापरली. एका टोकाला पुरुष, एका टोकाला बायका, मधे लांबलचक पांढरं सूत, नदीसारखं. दिसायला इतकं देखणं की मी क्षणभर कशासाठी उभा आहे तेच विसरलो.

मग भोंगा झाला.

सायकली आल्या, ताण्यापाशी थबकल्या, आणि एकामागून एक दगडांबाहेर खडीच्या सडकेवर उतरल्या. कोणी रागावलं नाही. एक जण जाता जाता म्हणाला, "राजय्या, लगीन हाय का? मांडव घातलाय!" ताण्याचा मालक राजय्या, उघडा, कपाळाला कुंकवाचा टिळा, कुंचा न थांबवता म्हणाला, "तुजं हाय! ये, हळद लावतो!"

मला हसू येत नव्हतं. मागून लॉरीचा आवाज येत होता. आणि सायकलींच्या घोळक्यात पांढरं लुगडं.

गोदा बाहेर उतरली. लॉरी तिच्या मागं. मला लॉरीचं तोंड दिसत होतं, तिचं तोंड दिसत होतं, आणि माढ्याची सडक दिसत होती. माझ्या तोंडातून निघालं, "गोदेऽऽ!"

अशी हाक मी उभ्या जन्मात मारली नसेल.

तिनं मान वळवली. वळवणारच की, बापानं हाक मारली. मान वळली तसं हँडल वळलं, चाक पांढऱ्या दगडाला लागलं, आणि गोदा सायकलीसकट आत, थेट ताण्यात! काठ्या कडाकडा पडल्या. लॉरी किंचाळत थांबली, पण ती पुष्कळ अलीकडंच थांबली. मधे दोन बैलगाड्या मावल्या असत्या.

मी पोचलो तेव्हा गोदा सुतात बसली होती. कोपर सोललेलं, पांढऱ्या लुगड्याला खळ. बायका "अय्यो, अय्यो" करत धावल्या. राजय्या तुटलेले धागे हातात धरून उभा, जसा कोणाचा हात धरून उभा असावा.

लॉरीतून उतरला तो दस्तगीर. सरळ माझ्यावरच आला.

"चाचा, चिल्लाए कायकू? ती सीदी जात हुती! मी लांबूनच बघितली हुती तिला. गाडी सावकाश केली हुती. ताणा दिसला की आमी सावकाशच येतो, सूत तुटलं तर ही समदी पेठ आमाला कुंच्यानं घासंल."

"मला काय ठाऊक?" मी म्हणालो.  मी त्याच दगडावर बसलो ज्याला तिचं चाक लागलं होतं.

गोदा उठली. आधी तिनं पेटी उघडून आतलं सगळं शाबूत आहे का बघितलं. मग माझ्याजवळ आली.

"आबा, मला लागलं न्हाय."

"रगत हाय."

"कोपराला हाय. तुमी पानी पिता का?"

तिचा हात मी धरला.  

राजय्याच्या ओसरीवर

तिला बाळंतपणाला जायचं होतं. कोपराला फडकं बांधून ती गेली. कुठून गेली? दगडांबाहेरून, सडकेवरून. ती दिसेनाशी होईपर्यंत मी बघितलं, पण या खेपेला तोंडात उपरण्याचा बोळा धरला होता.

मी राजय्याला म्हटलं, "तुझं नुकसान झालं. माझ्यामुळं."  त्याची बायको नरसव्वा म्हणाली, "त्या बाईनं माज्या सुनंला बाळंतपणात दोन दिस राखली. सूत काय, गाठ मारता येती." आणि बायका खाली बसून एकेक धागा ओढून गाठी मारू लागल्या. दोन बोटांत अशी गाठ की दिसायची नाही. मला म्हणाल्या, "बाबा, हे टोक धरा." मी टोक धरून बसलो. आमच्या गावाकडं ज्याच्याकडून नुकसान होतं त्याला चार लोकांत उभं करतात. इथं त्याच्या हातात टोक देतात. कोणतं बरं, ते मला अजून ठरवता येत नाही, पण बसून राहिल्यानं माझा श्वास ठिकाणावर आला.

दुपारी त्यांनी मला जेवायला बसवलं. भात आणि चिंचेचं आंबट झणझणीत कालवण. भाकरी नाही. मी म्हटलं, "भात सणाला असतो आमच्याकडं." नरसव्वा म्हणाली, "मग आज सन समजा. पोरगी वाचली." डोळ्याला पाणी आलं ते मी कालवणावर ढकललं.

संध्याकाळी गोदा आली, दस्तगीर आला, आणि ओसरीवर दगडांचं भांडण निघालं. मी सांगतो तेवढं ऐका, कारण मूळ प्रश्न तुमचा तोच आहे.

दस्तगीर म्हणाला, "दगड नकोत. दगड हाईत म्हनून मी बेफिकीर, सायकलवाला बेफिकीर. कोन एकमेकाला बघत न्हाय. पुलावर आन ताण्यापाशी बघावं लागतं."

गोदा म्हणाली, "तुमी वर बसलेले असता मामू. लोखंडाच्या घरात. दगड नव्हते तवा रोज कोनाचं तरी कोपर तुमच्या फळीला घासायचं. मला इचारा. मलमपट्टी मी करायची. दगड पायजेत. पुलावर पन पायजेत."

"आन आमी?" राजय्या म्हणाला. "पाजनी कुटं करू, तुज्या दवाखान्यात?"

"करा की हितंच. पन भोंग्याच्या आदी उचला."

"सूर्याला सांग, आदी उगव."

"मग तुमीच आदी उठा! पोरं मध्यरातीला काढायला मला उठवता का न्हाय?"

सगळे हसले. राजय्या कान खाजवत म्हणाला, "बरं, उचलतो. जमलं तर." शेवटी ठरलं असं की ताणा भोंग्याच्या आधी उचलायचा, आणि नाहीच जमलं तर टोकाच्या काठीला तांबडं फडकं बांधायचं, म्हणजे लांबूनच लॉरीवाल्यानं ओळखावं की सायकली बाहेर येणार.

"आबा, तुमी काय म्हनता?" गोदानं विचारलं.

मला काय कळणार? मी म्हटलं, "दगड चांगले. पण दगडाला डोळे न्हाईत."

दुसऱ्या दिवशी ताणा खरंच वेळेत उचलला होता. मी खूश झालो. मग बघतो तर त्याच मोकळ्या पट्टीत एका बाईनं मिरच्या वाळत घातल्या होत्या. सोलापूरकरांना सपाट जागा दाखवू नये.

परत

त्या रात्री झोप नव्हती. जेवण झाल्यावर मी गोदाला पुन्हा एकदा म्हटलं, पण आवाज पहिल्यासारखा निघाला नाही. "चल की घरी."

तिनं कंदिलाची वात वरखाली केली. "आबा, एक इचारू? तुमाला माज्या सायकलीची भीती वाटती, का त्या घराची?"

मी चिडलो. म्हणालो, लई शिकलीस. मग म्हणालो, "दोनीची." कारण तेच खरं होतं. तिथं सकाळी उठल्यावर बोलायला पहिलं माणूस शेजारचं कुत्रं.

"आयनं मला हितं आणून सोडलं," ती म्हणाली. "जाताना तिनं मागं वळून बगितलं न्हाय. मला लई राग आला हुता. मग कळलं, वळली असती तर घेऊन गेली असती."

गोदाच्या आईची ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. मला एवढंच ठाऊक होतं की त्या दिवशी ती घरी आली आणि गोठा झाडत बसली. गोठा सकाळीच झाडलेला होता. मी काही विचारलं नव्हतं.

सकाळी गोदा कामावर गेली. मी तिला स्टेशनवर येऊ नको म्हटलं. आगगाडीला अवकाश होता. गाठोडं बांधून चाळीखाली आलो तर दस्तगीर लॉरी घेऊन उभा. माढ्याला शेंगांची पोती आणायला निघाला होता, जाताना गाडी रिकामी.

"चला चाचा, माढ्याला सोडतो."

"मोटारीत मी बसणार न्हाय. माढ्याच्या सडकेनं तर न्हाईच."

"डर लागतो?"

"व्हय. लागतो."

"मला बी लागतो," तो म्हणाला. "म्हनून सोबत पायजे."

का चढलो ते मला नीट सांगता येत नाही. त्या वरच्या जागेवरून रस्ता कसा दिसतो ते एकदा बघावं, असं मनात होतं. आमच्या मागून आलेल्या त्या मोटारवाल्याला त्या दिवशी आम्ही कसे दिसलो असू, ते.

तर तुम्हाला सांगतो. लहान दिसतं सगळं. सायकलवाला मुठीत मावेल एवढा. बैलगाडी तर दिसतच नाही आणि मग एकदम असते. यंत्राच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही, आणि पाय दुखेपर्यंत मी फळीवर ब्रेक दाबत होतो जिथं ब्रेक नव्हता. दस्तगीर हसला नाही.

गिरणीच्या सडकेला लागलो तोच भोंगा झाला. सायकली निघाल्या होत्या. दगड संपत होते, पुढं पूल. घोळका पुलावर चढायला बाहेर येत होता. आणि त्यात सगळ्यांच्या मागं पांढरं लुगडं, पेटी, कोपराला फडकं.

माझा हात आपोआप हॉर्नच्या रबरी फुग्याकडं गेला. दस्तगीरनं तो वरच्यावर धरला.

"नक्को चाचा. दचकंल."

त्यानं गाडी सावकाश केली. मग चाक उजवीकडं घेतलं, इतकं की उजवी चाकं खडी सोडून मातीत उतरली आणि आम्ही तिरके झालो, आणि तिथंच गाडी उभी केली. समोरून येणारा टांगेवाला ओरडला. दस्तगीर खिडकीतून म्हणाला, "थांब रे. मी रिकामा हाय, ते भरलेले हाईत."

सायकली पुलावर चढल्या. गोदा माझ्या खिडकीच्या खालून गेली. इतकी जवळून की तिच्या अंबाड्यातला आकडा मला दिसला, तिच्या आईचा. तिला ठाऊक नव्हतं मी वर आहे. ती पुढं बघत होती, ओठ घट्ट मिटून, सुईत दोरा ओवताना तिची आई बघायची तशी.

तोंडापर्यंत आलं होतं तिचं नाव. मी उपरणं तोंडात धरलं नाही, डोळेही मिटले नाहीत. नुसता गप्प बसलो. हाक मारली असती तर तिनं मान वळवली असती.

ती पूल ओलांडून दगडांच्या आत शिरली. मग दस्तगीरनं गाडी हलवली.